महालात माणसं फिरवायची असतील तर

चौतीस माणसं घेऊन मी नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकात उभा होतो. मागून सिमेंटच्या गोण्या भरलेला छोटा हत्ती हॉर्नवर हॉर्न देऊन राहिला होता. अर्धे लोक एका दुकानाच्या पायरीवर चढले होते, दुकानदार शटर अर्धंच उघडून माझ्याकडे बघत होता, आणि मी पहिल्या रघूजीराजे भोसल्यांबद्दल बोलत होतो. कोणालाही काही ऐकू येत नव्हतं. लोकांना जुने वाडे दाखवायची ही माझी पहिली फेरी. साडेतीन तास चालली आणि शेवटी अकरा जण उरले. बाकीचे कुठे गळले ते मला आजतागायत कळलं नाही. बहुतेक पोहे खायला.

त्याला सहा वर्षं झाली. मी सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या मोहल्ल्यातली घरं बघायला लागलो. आता थंडीत दर दुसऱ्या रविवारी महालात वाड्यांची फेरी काढतो. मधल्या काळात भागही बदलला: रस्ते रुंद झाले, दिवे लागले, मेट्रो आली, बाहेरची माणसं कॅमेरे घेऊन यायला लागली. गेल्या वर्षभरात दोन-तीन तरुण आर्किटेक्ट आणि एक शाळेच्या बाई विचारून गेल्या, ‘काकाजी, आम्हालाही आमच्या भागात असं करायचं आहे, सुरुवात कुठून करायची?’ प्रत्येकाला चहा पाजून तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो. उदाहरणं महालातली देतो, कारण मला तोच माहीत आहे. इतवारीवाल्यांनी, सदरवाल्यांनी, कामठीवाल्यांनी आपापलं बदलून घ्यावं.

रस्ता आखताना

दोन किलोमीटर. त्याच्यावर एक पाऊलही नाही. कागदावर दोन किलोमीटर म्हणजे अर्ध्या तासाची चाल वाटते, पण थांबत, वर बघत, गायीला वाट देत चाललं की अडीच तास सहज जातात. थांबे आठ किंवा नऊ ठेवा. मी सुरुवातीला बावीस थांबे काढले होते. प्रत्येक ठिकाणी तीन मिनिटं बोलायचो आणि लोकांच्या डोक्यात दाळभाजी व्हायची.

माझी फेरी चितारओळी चौकाच्या मेट्रो स्टेशनखाली सुरू होते. डिसेंबर २०२२ मध्ये प्रजापती नगरपर्यंत मेट्रो आली आणि त्या एका गोष्टीने माझी फेरी बदलली. आधी येणारे म्हणजे महालातलेच जुने लोक किंवा स्कूटर कुठे लावायची या चिंतेत असलेले धरमपेठवाले. आता सुभाषनगर, जयप्रकाशनगरची पोरंही येतात, आणि साठी उलटलेल्या बाया येतात, ज्या सकाळी सात वाजता महालात गाडी घालायला तयार नसत.

स्टेशनखाली पहिला थांबा मुद्दाम ठेवलेला आहे, तिथे बघण्यासारखी इमारत एकही नसताना. लोकांना दोन्ही बाजूंना बघायला सांगतो. सीए रोड, म्हणजे सेंट्रल अव्हेन्यू, पट्टी ठेवून काढल्यासारखा सरळ जातो आणि त्याच्यातून फुटणाऱ्या गल्ल्या हाताने काढल्यासारख्या वाकड्या. वर इतवारी, खाली महाल, आणि मधून ही रेघ. शहराची आखणी करणाऱ्या नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा १९३६ चा. सरळ रस्त्यांची ही हौस त्यानंतरची. वाकड्या गल्ल्या त्याच्या दोनशे वर्षं आधीच्या. देवगडच्या बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथली बारा छोटी गावं जोडून शहर वसवलं आणि त्याचा मुलगा चांद सुलतान याने त्याला तट घातला, तलाव बांधला. कुठल्या रेघा कोणाच्या, हे एकदा डोळ्यांना कळलं की पुढचे दोन तास तुम्हाला कमी बोलावं लागतं.

मग चितारओळीत आत शिरायचं. इथे नावं वाचायला लावा. नागपूरचा हा जुना भाग नावांवरूनच अर्धा समजतो. वारांच्या वस्त्या: इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी, मंगळवारी. आणि धंद्यांच्या ओळी: सराफा ओळ, किराणा ओळ, लोहा ओळ, चितार ओळ. चितारी म्हणजे रंगकाम करणारे. आज ही ओळ गणपतीच्या मूर्तींची म्हणून सगळ्या नागपूरला ठाऊक आहे. इथली घरं नीट बघा. रस्त्याला तोंड अगदी अरुंद, आत खोली लांबच लांब. दारात मूर्ती, मागे माती, त्याच्या मागे चूल. ज्याला रस्त्यावर माल मांडायचा आहे त्याला रस्त्याचा तुकडा हवा, आणि तो सगळ्यांना थोडा थोडा मिळाला म्हणून घरं अशी पट्ट्यांसारखी. मी हे शाळेतल्या पोरांना सांगतो तेव्हा ती दोन्ही हात पसरून घराची रुंदी मोजायला जातात. मोजू द्यावी. फक्त ओल्या मूर्तीला हात लागणार नाही एवढं बघावं. ते एकदा झालं आहे आणि त्याचे पैसे मी भरले आहेत.

फेरीच्या आधीचा महिना

लोकांना वाटतं फेरी रविवारी सकाळी होते. ती खरं म्हणजे त्याच्या आधी महिनाभर होत असते, एकट्याने, चपला घालून, वेगवेगळ्या वेळी. सकाळी सहाला जा, दुपारी दोनला जा, संध्याकाळी दिवे लागल्यावर जा. ऊन कुठल्या भिंतीवर कधी येतं ते वहीत लिहा. लाकडी कोरीवकाम तिरप्या उन्हातच दिसतं. डोक्यावर ऊन आलं की सगळं सपाट होतं. माझ्या फेरीतले दोन थांबे फक्त उन्हामुळे मागेपुढे झाले आहेत.

शाळा कुठे सुटते, कचऱ्याची गाडी कधी येते, नळ कधी येतात तेही लिहा. नळ आले असताना कोणाच्याही दारात पंधरा माणसं उभी करू नका. त्या घरच्या बाईचा दिवस तुम्ही नासवता आणि ती तो राग तुमच्यावर पुढची दहा वर्षं काढते.

आणि दारं वाजवा. माझ्या फेरीत तीन वाड्यांत आत जायला मिळतं. भोसल्यांचा वाडा त्यांत नाही. तो त्या घराण्याचा राहता आहे, बाहेरूनच बघायचा. हे तीन अगदी साध्या घरचे आहेत, पाच-सहा खणांचे. त्या तिघांकडे मी पहिल्या वेळी रिकाम्या हाताने गेलो आणि फेरीचा विषयच काढला नाही. ओट्यावर बसलो. कुठले, कोणाचे, आमची आत्या तुमच्याच गल्लीत दिली होती, असं सगळं झालं. दुसऱ्या वेळी विचारलं. एका घरी नाही म्हणाले, तर मी हो म्हणून उठलो. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच बोलावलं.

परवानगी मिळाली की ती नेमकी कशाची आहे ते विचारून घ्या. ओट्यापर्यंत? चौकापर्यंत? माडीवर? फोटो कशाचे चालतील? देवघराचे नाहीत, स्वयंपाकघराचे नाहीत, वाळत घातलेल्या कपड्यांचे तर नाहीतच. हे लोकांना आत शिरण्याआधी, रस्त्यावर सांगायचं. आत गेल्यावर सांगितलं तर घरच्यांसमोर सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं. घरच्यांना पैसे देऊ नका, ते घेत नाहीत आणि दुखावतात. मी त्यांच्या वाड्याचा मोजून काढलेला नकाशा फ्रेम करून दिला. तीनही घरांत तो दिवाणखान्यात लागला आहे, एका ठिकाणी साईबाबांच्या बाजूला.

आता या तीनपैकी एका घरच्या आजींची गोष्ट सांगतो, कारण मी जे काही शिकलो ते तिथेच. दुसऱ्या का तिसऱ्या फेरीला मी त्यांच्या चौकात उभं राहून सांगत होतो: हे खांब बघा, हे हस्त, म्हणजे तुळईखालचे टेके बघा, ही केळफुलाची नक्षी, अस्सल भोसलेकालीन वाडा, दोनशे वर्षं तरी जुना. आजी माजघराच्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘काऊन खोटं सांगून राहिले जी? हे घर आमच्या सासऱ्यांनी बांधलं. मी लग्न होऊन आली तेव्हा माडीचं काम बाकी होतं.’ पंधरा जणांनी माझ्याकडे बघितलं. मी नकाशे काढणारा माणूस, एकतीस वर्षांची नोकरी! मग कळलं की सासऱ्यांनी कुठलासा जुना वाडा पडला तेव्हा त्याचं लाकूड गाडीने आणलं होतं. खांब जुने, घर नवं.

घराचं वय

त्या दिवसापासून मी घराचं वय तोंडाने सांगायचं सोडलं आणि लोकांनाच शोधायला लावतो. फेरीत सगळ्यांत जास्त रमतात ते इथे. कसं शोधायचं ते सांगतो.

लाकडापासून सुरू करा. तुळईवर, खांबावर रिकाम्या खाचा दिसतात का बघा. सुताराने खाच पाडली म्हणजे तिथे काहीतरी बसणार होतं. काहीच बसलेलं नसेल, आणि खाच भलत्याच उंचीवर असेल, तर ते लाकूड आधी दुसऱ्या घरात राबलेलं आहे. आजींच्या चौकातल्या चारही खांबांना अशा खाचा आहेत. मी त्या तोपर्यंत रोज बघितल्या होत्या आणि दिसल्या नव्हत्या.

मग छपराकडे. हाताने थापलेली नळीची कौलं स्थानिक. ती कुठल्याही काळातली असू शकतात. चपटी मंगलोरी कौलं मात्र मंगळुरात बाझल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढला त्याच्या आधीची असणंच शक्य नाही, आणि नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये. एवढा जड माल त्याच्याआधी बैलगाडीने इथवर कोण आणणार? इथे एक खड्डा आहे, त्यात पडू नका. काही कौलांवर १८६५ हा आकडाच उठवलेला असतो. तो कारखान्याच्या जन्माचा, कौलाच्या नाही. एका हौशी गृहस्थांनी त्यावरून आपल्या घराचा दीडशेवा वाढदिवस करायचं ठरवलं होतं, केकसुद्धा सांगितला होता.

लोखंडी गर्डर दिसला तर त्याच्या पोटाशी ठसा शोधा. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद तयार व्हायला लागलं १९१२ मध्ये, म्हणजे टाटांचा ठसा असलेला गर्डर त्याच्या अलीकडचा. नागपूरकर इथे लगेच टाटांच्याच इथल्या एम्प्रेस मिलचा विषय काढतात, १ जानेवारी १८७७, जमशेटजी, वगैरे. काढू द्यावा, पण दोन मिनिटांत परत आणावं. पायाखाली रंगीत सिमेंटच्या नक्षीदार फरश्या असतील तर त्या विसाव्या शतकातल्या. मुंबईची भारत कंपनी या फरश्या काढायला लागली १९२२ मध्ये. आणि बाल्कनीचा कोपरा गोल, कठड्यावर आडव्या तीन पट्ट्या, जाळीत उगवता सूर्य असं काही दिसलं तर ते सिमेंट-काँक्रीटचं युग, साधारण १९३० ते ५५. महालात हे खूप आहे आणि त्याकडे कोणी बघत नाही, कारण सगळे कोरीव लाकूड शोधत फिरतात.

दगडाचंही थोडं सांगावं. नागपूर मोठ्या मजेशीर जागी बसलं आहे: पश्चिमेकडून आलेला दख्खनचा काळा दगड इथे संपत जातो. सीताबर्डीची टेकडी त्या काळ्या दगडाचीच. पूर्वेला-उत्तरेला कामठी, सिलेवाड्याकडे वाळूचा दगड निघतो, पिवळट-तांबूस, कोरायला मऊ. म्हणून इथे एकाच भिंतीत दोन्ही दिसतात: जोत्याला काळा, नक्षीला वाळूचा. काळा दगड पाणी आणि भार सोसतो, वाळूचा छिन्नी सोसतो. रेल्वे स्टेशनची १९२५ ची इमारत सावनेरच्या दगडाची आहे. परतीच्या गाडीला वेळ असेल तर बोटाने घासून बघा असं मी बाहेरगावच्यांना सांगतो.

कापलेली घरं

आता त्या थांब्याबद्दल, ज्याच्यासाठी मी बाकीची फेरी करतो म्हटलं तरी चालेल.

केळीबाग रोड रुंद करायला घेतला तेव्हा रस्त्याला लागून असलेल्या घरांचे पुढचे भाग गेले. कोणाचे सहा फूट, कोणाची आख्खी पुढची खोली. मोबदला, कोर्ट, भाऊबंदकी, त्याचं काय ते झालं; मी त्यात पडत नाही आणि फेरीतही पडू देत नाही, कारण ऐकणाऱ्यांत एखादा त्याच घरचा असतो. पण एक गोष्ट मला तिथे उभं राहिल्यावर दिसली आणि मी जागच्या जागी थांबलो. नोकरीभर मी इमारतींचे सेक्शन काढले. सेक्शन म्हणजे इमारत सुरीने पावासारखी कापली तर आत काय दिसेल त्याचं चित्र. साहेब म्हणायचे, सेक्शन नीट काढला की इमारत कळते. आणि इथे ते चित्र रस्त्यावर उभं होतं, एकास एक प्रमाणात.

एका कापलेल्या भिंतीपुढे लोकांना पाच मिनिटं गप्प उभं करा. मग विचारा काय दिसतं. कोणीतरी म्हणतं, भिंत खाली जाड आहे, वर बारीक. बरोबर, खाली दोन-अडीच हात, वरच्या माडीला एक हात. कोणाला मातीच्या भेंड्यांवर, म्हणजे कच्च्या विटांवर, बाहेरून पक्क्या विटांची साल दिसते. कोणाला भिंतीत अडकलेली लाकडं दिसतात: सांगाडा लाकडाचा, भिंत नुसती भरलेली, म्हणून भिंत पडली तरी माडी उभी. एका ठिकाणी कोनाडा अर्धा कापला गेला आहे आणि त्याच्या आत दिव्याची काजळी तशीच आहे. वरच्या मजल्यावर निळीचा रंग, खालच्यावर पिस्ता, आणि दोघांच्या मध्ये जमिनीची जाडी: कड्या, त्यावर पाट, त्यावर मुरुम, त्यावर शेण. ही जमीन पुस्तकात दाखवायला मला कित्येक रेघा माराव्या लागायच्या.

आणि नव्याने पुढे बांधलेली भिंतही दाखवा. बहुतेकांनी कापलेल्या तोंडाला सिमेंट थापून, टाइल्स लावून, शटर बसवलं. त्यात वाईट काही नाही, माणसांना दुकान चालवायचं असतं. पण चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की काय होतं ते बघून घ्या. जुनी भिंत श्वास घेते, पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते. वरून सिमेंट लावलं की पाणी आतच अडकतं, क्षार बाहेर येतात, पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं आणि तीन-चार पावसाळ्यांत पोपडे सुटतात. कुठल्या उंचीपर्यंत पोपडे सुटले आहेत ते बघितलं की ओल किती चढली ते कळतं. हे मी सांगतो तेव्हा निम्मे लोक आपल्याच घराच्या भिंतीचा विचार करत असतात, चेहऱ्यावर दिसतं. मागच्या महिन्यात एकाने तिथूनच गवंड्याला फोन लावला.

हा थांबा वीस मिनिटांचा ठेवा. बाकी कुठे वेळ वाचवायचा तिथे वाचवा.

भुयार

कोतवाली, गोंडराजांच्या किल्ल्याचा भाग, भोसल्यांचा वाडा, या टप्प्यात तुम्हाला भुयार भेटणारच. कोणीतरी काका गर्दीत शिरतात आणि सांगतात की इथून थेट सीताबर्डीच्या किल्ल्यापर्यंत भुयार आहे, घोडेस्वार जाईल एवढं, त्यांच्या आजोबांनी तोंड बघितलं होतं. असा एकही जुना भाग मला अजून भेटला नाही जिथे भुयार नाही. काकांना तोडू नका. ऐकून घ्या, आणि मग आपल्या लोकांना फक्त विचारा की मध्ये शुक्रवारी तलाव आहे, त्याच्याखालून ते कसं नेलं असेल? पुढचं ते आपसात बोलतात.

इतिहास मोजका सांगा आणि तो समोरच्या वस्तूला बांधून सांगा. भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ मध्ये जळाला, हे माहीत असेल तर उभं असलेलं सगळंच पहिल्या रघूजींचं म्हणून खपवण्याची चूक होत नाही. १८१७ ची सीताबर्डीची लढाई, १८५३ मध्ये तिसऱ्या रघूजींचं निधन आणि त्यानंतर खालसा झालेलं राज्य, हे दोन वाक्यांत होतं. ज्याला जास्त हवं तो नंतर विचारतो.

हे बोलताना उभं कुठे राहायचं? तुमच्या तोंडावर ऊन, लोकांच्या पाठीवर ऊन. उलटं केलं तर सगळे डोळे मिचकावत तुमच्या काळ्या सावलीकडे बघतात. इमारतीच्या समोरच्या बाजूला उभे राहा, तिच्या पायथ्याशी राहून वर कोणाला काही दिसत नाही. दुकानाच्या दारात नको, रिक्षाच्या वळणावर नको. माइक वापरू नका. पंधराच्या वर माणसं घेतली नाहीत तर तो लागतच नाही. मी पंधरावर थांबतो, सोळाव्याला पुढची तारीख देतो.

झोळी, हवा आणि बाकीचं

माझ्या झोळीत एक छोटा आरसा असतो, दाढीचा. अंधाऱ्या देवडीतलं कोरीवकाम दाखवायला त्याच्यासारखं साधन नाही. बाहेरचं ऊन त्याच्यावर घेऊन आत टाकायचं, आणि मोर-पोपट असे उजळतात की लोक नकळत ‘अगंबाई’ म्हणतात. मोबाइलचा टॉर्च समोरून उजेड मारतो, त्यात उठाव मरतो. बाकी एक पाच मीटरचा टेप, खडू, जुन्या भागाच्या नकाशाच्या पंधरा प्रती, ग्लुकोजची पुडी आणि काळी छत्री. छत्री दाखवायला, टेकायला आणि कुत्र्यांसाठी.

काळ म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये सातला सुरू करून नऊला संपवता येतं. त्यानंतर नाव काढू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात घरमालकसुद्धा स्वतःच्या चौकात उभा राहत नाही, आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, फेरी काढणारा एक उत्साही गृहस्थ मी सलाइनवर बघितला आहे. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद असतात, महालात फारसा फरक पडत नाही, पण येणारे अडकतात. कोणी पावसाळ्यात फेरी काढलीच, तर गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस चितारओळी गाळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर फेरी ठेवायचीच नाही: त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते. ज्यांना वास्तू बघायची आहे त्यांनाही त्या दिवशी ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडायलाच बोलवावं. गर्दीने भरलेल्या गॅलऱ्या बघितल्या की कळतं त्या कशासाठी बांधल्या होत्या.

पैसे मी दोनशे रुपये घेतो, विद्यार्थ्यांना माफ. फुकट ठेवलं तेव्हा चाळीस नावं यायची आणि नऊ माणसं यायची. आणि बायकांसाठी एक गोष्ट आधीच बघून ठेवा, जी पुरुष फेरीवाले हमखास विसरतात: स्वच्छतागृह. माझ्या फेरीत ते एका ओळखीच्या वाड्यात मध्यावर आहे. मी ते पहिल्या वर्षी बघितलं नव्हतं. एका बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा त्यांच्यापेक्षा मलाच जास्त लाज वाटली.

पोहे शेवटी ठेवू नका. तीन चतुर्थांश फेरी झाली की ठेवा, कापलेल्या घरांनंतर. तर्री पोह्यांची गाडी बघून लोक परत ताजे होतात, आणि पोह्यांवर तर्री ओतताना जी चर्चा होते ती मी कुठल्याही थांब्यावर घडवू शकलो नाही. बाहेरगावच्या माणसाला तर्री आधी बाजूला द्यायला सांगा.

शेवट गांधीगेटला. हा चांद सुलतानच्या काळातल्या तटाचा दरवाजा, मूळचा जुम्मा दरवाजा. पुढचा तलाव जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून तो शुक्रवारी तलाव झाला. पुढे गांधीसागर झाला, आणि दरवाजा गांधीगेट. तिन्ही नावं अजून चालतात. रिक्षावाल्याला कुठलं नाव सांगितलं यावरून तुमचं वय त्याला कळतं. कमानीखालून लोकांना एकदा आत आणि एकदा बाहेर असं चालायला लावतो. बाहेरून येताना शहरात शिरल्यासारखं वाटतं का, विचारतो. रहदारीमुळे धड उभं राहता येत नाही, म्हणून हे दोन-दोनच्या जोड्यांनी करायचं, छत्री वर धरून. मग तलावाच्या काठावर बसायचं, माणसं मोजायची, आणि ज्यांना मेट्रो हवी त्यांना कॉटन मार्केट स्टेशनचा रस्ता दाखवायचा.

त्यानंतरच्या मंगळवारी मी पुन्हा महालात जातो. फेरीतल्या लोकांनी काढलेले दोन-तीन चांगले फोटो छापून त्या तीन घरी देतो. छापलेलेच; मोबाइलवर पाठवलेले नातवांपर्यंतच पोचतात. हे चुकवू नका, पुढच्या वर्षीचं दार याच्यावर उघडतं. गेल्या मंगळवारी आजींकडे गेलो. त्यांनी फोटो उन्हात धरून बघितला, स्वतःच्या चौकातल्या खांबाजवळ पंधरा अनोळखी लोक माना वर करून उभे. चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘यावेळी बरोबर सांगितलं ना जी? का परत भोसलेच?’